हमी या शब्दाचे व्याकरण : अमेरिकन फुटबॉलमधील क्वार्टरबॅकचे करार

करारपत्राची भाषा हा आपल्याकडील भाषाभ्यासकांनी काहीसा उपेक्षिलेला प्रांत आहे. शिलालेख, ताम्रपट, महजर आणि बखरी यांतील भाषेचा परामर्श आपण घेतो. परंतु वचन देणारा आणि वचन घेणारा असे दोन पक्ष आजही ज्या कागदावर स्वाक्षरी करतात, त्या कागदाच्या वाक्यरचनेकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ऑस्टिनचा वाक्कृतीविषयीचा सिद्धान्त पदव्युत्तर वर्गात शिकविताना ‘मी वचन देतो’ या एकाच उदाहरणावर प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे निभावून नेली. त्या उदाहरणात एक उणीव आहे. वचन पाळले गेले की मोडले गेले, एवढाच प्रश्न त्यातून उद्भवतो. वचन मोडले न जाताही नाहीसे होऊ शकते, ही तिसरी शक्यता त्यात दिसतच नाही.

ही शक्यता वर्गात पुढे आली ती एका विद्यार्थ्यामुळे. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचा तो चाहता. त्याने दोन बातम्या शेजारी-शेजारी ठेवल्या. पहिली सप्टेंबर २०२२ ची : डेन्व्हरच्या संघाने रसेल विल्सन या खेळाडूशी आणखी पाच वर्षांचा, २४ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. दुसरी मार्च २०२४ ची : त्याच संघाने विल्सनला सोडून दिले. आधीचा करार २०२३ च्या हंगामापर्यंत होता. म्हणजे नव्या पाच वर्षांपैकी एकही वर्ष सुरू होण्यापूर्वी त्याची तेथील कारकीर्द संपली. “सर, हा करारभंग नव्हे काय?” असा त्याचा प्रश्न होता. उत्तर असे की, नव्हे. त्या करारातील प्रत्येक शब्द पाळला गेला. हे कसे संभवते, ते उलगडण्याचा हा प्रयत्न आहे.

ज्यांना या खेळाचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. अमेरिकन फुटबॉल हा पायाने चेंडू मारण्याचा खेळ मुख्यतः नव्हे. अकरा-अकरा खेळाडूंनी भूमी जिंकण्याचा तो खेळ आहे. आक्रमण करणाऱ्या संघात प्रत्येक डावाच्या आरंभी चेंडू ज्याच्या हाती येतो आणि तो फेकावा, सोपवावा की घेऊन पळावे हे जो क्षणार्धात ठरवितो, तो क्वार्टरबॅक. संघाचे भवितव्य या एका माणसावर जितके अवलंबून असते तितके अन्य कोणावर नसते, आणि म्हणून त्याचे मोलही सर्वांत अधिक. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. सामने सप्टेंबरपासून फेब्रुवारीच्या पूर्वार्धापर्यंत चालतात. लीगचे आर्थिक वर्ष मात्र मार्चच्या मध्यास सुरू होते. या दोन तारखांमधील महिनाभराच्या अवधीत मैदान रिकामे असते आणि कचेऱ्या गजबजलेल्या असतात. आपला विषय मुख्यतः त्या अवधीतील आहे.

संघांच्या हातात पैसा अमर्याद नसतो, किंबहुना तो अमर्याद वापरण्यास बंदी आहे. १९९३ साली खेळाडूंना करार संपल्यावर अन्य संघात जाण्याचे स्वातंत्र्य मिळाले, आणि त्याच्या बदल्यात १९९४ पासून प्रत्येक संघाच्या वेतनावर एक वार्षिक मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ साली ती २७ कोटी ९२ लाख झाली. एका खेळाडूवर अधिक खर्च म्हणजे उरलेल्या पन्नास जणांवर कमी खर्च, असे हे गणित आहे. म्हणून करारातील प्रत्येक शब्दाला संघाच्या हिशेबवहीत एक जागा असते, आणि एखादी रक्कम ‘कोणत्या नावाने’ दिली यावर ती ‘कोणत्या वर्षात’ मोजली जाणार हे ठरते.

आता आकड्यांकडे वळू. जुलै २०२० मध्ये कॅन्सस सिटीच्या संघाने पॅट्रिक महोम्स याच्याशी दहा वर्षांचा करार वाढवून घेतला. बातम्यांत आकडा आला ४५ कोटी डॉलर, आणि बक्षिसे धरून ५० कोटी ३० लाखांपर्यंत. स्वाक्षरीच्या क्षणी निरपवाद हमी असलेली रक्कम मात्र सुमारे ६ कोटी ३० लाख होती. हे दोन्ही आकडे खरे आहेत. त्यांचा वाक्यार्थ मात्र एकाच जातीचा नाही. येथे मीमांसकांनी केलेला विधी आणि अर्थवाद हा भेद अतिशय उपयोगी पडतो. अमुक देवतेला अमुक हवी द्यावा, हे वाक्य विधी. ती देवता शीघ्रगती आहे, फल त्वरित देते, हे वाक्य अर्थवाद. अर्थवाद खोटा नसतो, निरर्थकही नसतो. तो प्रवृत्त करतो, प्रशंसा करतो. पण त्याच्यामुळे कोणावर काही करण्याचे बंधन येत नाही. महोम्सच्या करारातील ४५ कोटी हा अर्थवाद आहे. विधी शोधावयाचा तर हमीच्या कलमाकडे गेले पाहिजे.

असे का, याचे कारण लीगच्या नमुना-करारातच आहे. या छापील मसुद्याचे ११ वे कलम असे सांगते की, खेळाडूचे कौशल्य वा कामगिरी त्याच जागेसाठी झगडणाऱ्या इतर खेळाडूंच्या तुलनेत असमाधानकारक आहे असे केवळ संघाच्या मते ठरले, तर संघ करार संपुष्टात आणू शकतो. ‘केवळ संघाच्या मते’ या शब्दांवर थांबावे. खेळाडू दहा वर्षे बांधला जातो. संघ, व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर, दर वर्षी नव्याने बांधला जातो. खेळाडूचे वाक्य ‘मी खेळेन’ असे आहे. संघाचे ‘आम्हांस वाटले तर देऊ’ असे आहे. या दुसऱ्या वाक्यातील ‘तर’ जेवढ्या रकमेपुरता काढून टाकला जातो, तेवढ्या रकमेस हमी म्हणतात.

परंतु हमीचेही प्रकार आहेत, आणि येथे खरी गुंतागुंत सुरू होते. खेळाडूस काढण्याची कारणे तीन मानली जातात : त्याचे कौशल्य कमी पडले, त्याला दुखापत झाली, अथवा वेतनमर्यादेत जागा हवी आहे. या तिन्ही कारणांविरुद्ध हमी असेल तर ती पूर्ण हमी. पुष्कळदा स्वाक्षरीच्या वेळी फक्त दुखापतीविरुद्ध हमी दिली जाते, आणि ‘अमुक वर्षी, लीगचे वर्ष सुरू झाल्यावर अमुक दिवशी खेळाडू संघात असेल, तर’ ती पूर्ण हमीत परिणत होते. म्हणजे हमीच्या पोटात पुन्हा एक ‘तर’ आहेच. फक्त त्याला तारीख आहे. हंगामाबाहेरच्या काळात संघ जे निर्णय घेतात त्यांचे सार एवढेच की, हे सशर्त वाक्य निःशर्त होऊ द्यावयाचे की त्या तारखेपूर्वीच वाक्य खोडावयाचे.

डेरेक कार याचे उदाहरण या दृष्टीने जवळजवळ पाठ्यपुस्तकी आहे. लास व्हेगसच्या संघाने एप्रिल २०२२ मध्ये त्याच्याशी तीन वर्षांचा, १२ कोटी १५ लाख डॉलरचा वाढीव करार केला. हंगाम चांगला गेला नाही. १५ फेब्रुवारी २०२३ रोजी ४ कोटी ४ लाख डॉलरची हमी पूर्ण व्हावयाची होती. १४ फेब्रुवारीस त्याला मुक्त करण्यात आले. एका दिवसाचे अंतर. तथापि या कथेतील अधिक बोलका भाग आधीचा आहे. हंगामाचे शेवटचे दोन सामने शिल्लक असतानाच कारला बसविण्यात आले होते. तो जायबंदी नव्हता. त्याला बसविले ते तो जायबंदी होऊ नये म्हणून, कारण त्या दोन सामन्यांत मोठी दुखापत झाली असती तर दुखापतीची हमी लागू झाली असती आणि १४ फेब्रुवारीचा मार्ग बंद झाला असता.

यातील विपर्यास लक्षात घेण्यासारखा आहे. दुखापतीची हमी हे कलम खेळाडूच्या शरीरासाठी आहे, आणि त्याची आवश्यकता काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथ याच्या पायाची दोन्ही हाडे मैदानावर मोडली. जंतुसंसर्ग झाला, सतरा शस्त्रक्रिया झाल्या, पाय राहतो की जातो आणि प्राण वाचतात की नाही अशी अवस्था आली. त्याच वर्षी त्याने ९ कोटी ४० लाखांचा करार केला होता आणि त्यातील ७ कोटी १० लाख रकमेस हमी होती. (ऑक्टोबर २०२० मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला, ही गोष्ट कराराच्या कक्षेबाहेरची, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.) अशा माणसाच्या बाबतीत हमी म्हणजे काय ते कोणास समजावून सांगावे लागत नाही. पण हेच कलम निरोगी खेळाडूच्या बाबतीत उलट काम करते. त्याचे शरीर धड आहे तोवर वचन सशर्त आहे. म्हणून ते धड राहावे यासाठी त्याला खेळूच द्यावयाचे नाही. संरक्षणासाठी लिहिलेले वाक्य वर्ज्य करण्याचे साधन बनते, आणि तेही वाक्यातील एक अक्षर न बदलता.

विल्सनचे प्रकरण याच वळणाचे आहे. २०२५ सालचे त्याचे ३ कोटी ७० लाख डॉलर वेतन मार्च २०२४ मध्ये, लीगच्या नव्या वर्षाच्या पाचव्या दिवशी, पूर्ण हमीचे व्हावयाचे होते. २०२३ च्या हंगामाच्या मध्यावरच, हे हमीचे कलम बदलून द्या नाहीतर बसविले जाल, असे आपणास सांगण्यात आल्याचे विल्सनने स्वतः जाहीरपणे म्हटले. तो शेवटच्या दोन सामन्यांत बसला आणि मार्चमध्ये मुक्त झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या डॅनियल जोन्सवर हीच पाळी आली. २०२३ मध्ये झालेला त्याचा १६ कोटींचा करार, २०२५ साठी २ कोटी ३० लाखांची दुखापतीची हमी, आणि मग बाकावर जागा. त्याने स्वतःच मुक्ततेची विनंती केली व ती मान्य झाली. तीन संघ, तीन वर्षे, एकच वाक्यरचना.

मुक्त केल्यानंतरही विल्सनचे २०२४ चे ३ कोटी ९० लाख डॉलर डेन्व्हरला द्यावेच लागले, कारण त्या रकमेतील ‘तर’ पूर्वीच गळून पडला होता. त्यात एक उपकलम होते : दुसरा संघ जे देईल तेवढे वजा होईल. तेव्हा पिट्सबर्गच्या संघाने त्याला किमान वेतनावर, १२ लाख १० हजार डॉलरवर, घेतले आणि उरलेले सर्व डेन्व्हरने भरले. संघाच्या वेतनमर्यादेत यामुळे २०२४ व २०२५ या दोन वर्षांत मिळून सुमारे ८ कोटी ५० लाख डॉलरची नोंद पडली. या नोंदीस तेथे ‘मृत पैसा’ म्हणतात. मराठीत ‘बुडीत’ हा शब्द सुचतो, पण तो फसवा आहे. बुडीत म्हणजे कोणीतरी द्यावयाचे ते दिले नाही; येथे तर दिलेल्या वा देणे अटळ असलेल्या पैशाचा हिशेब माणूस गेल्यावर उरतो.

तो का उरतो, हे समजण्यासाठी स्वाक्षरीच्या वेळी रोख मिळणाऱ्या बोनसाकडे पाहावे लागते. आपल्या जमिनीच्या व्यवहारातील ‘विसार’ हा त्याचा जवळचा मराठी प्रतिशब्द होय : देणाऱ्याने व्यवहार मोडला तर विसार बुडाला. या विसाराची गंमत अशी की, तो खेळाडूच्या हाती एकदम पडतो, पण वेतनमर्यादेत जास्तीत जास्त पाच वर्षांवर समान वाटून मोजला जातो. समजा, एखाद्याचे या वर्षीचे ३ कोटी वेतन संघाने विसारात रूपांतरित केले आणि करारात अजून पाच वर्षे आहेत. मग या वर्षी मर्यादेत ६० लाखच दिसतात आणि २ कोटी ४० लाखांची जागा मोकळी होते. दर वसंतात ‘अमुक क्वार्टरबॅकने संघासाठी करार बदलून दिला’ अशा बातम्या येतात व वाचकांस त्याच्या त्यागाचे कौतुक वाटते. वस्तुतः त्याने काही सोडलेले नसते. त्याला तेच पैसे, तेही आधी, मिळतात. त्याग कोणी केला असेल तर तो त्या संघाच्या पुढच्या काळाने.

पाच वर्षे शिल्लक नसतील तर? तर ती निर्माण केली जातात. खेळाडू त्या वर्षांत खेळणार नाही हे दोन्ही पक्षांस ठाऊक असते. ती वर्षे येण्यापूर्वी करार आपोआप रद्द होईल असेही त्यातच लिहिलेले असते. केवळ विसाराची विभागणी करण्यापुरती ती कागदावर असतात. पाणिनीय परंपरेत वाढलेल्यांना यात नवल वाटू नये. प्रत्ययाचा लोप झाला तरी प्रत्ययनिमित्तक कार्य होते, हे आपण प्रथम वर्षातच शिकतो. टॉम ब्रेडी २०२३ च्या आरंभी निवृत्त झाला, आणि त्या वर्षी टॅम्पा बे संघाच्या २२ कोटी ४८ लाखांच्या मर्यादेत ३ कोटी ५१ लाखांची नोंद त्याच्या नावावर होती. मनुष्य लुप्त, कार्य शिल्लक.

नवोदितांविषयी थोडक्यात. त्यांना घासाघीस करण्यास फारसा वाव नसतो. २०१० च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला सॅम ब्रॅडफर्ड याला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख, त्यांतील ५ कोटी हमीने, मिळाले. पुढच्याच वर्षी सामूहिक करार बदलला आणि पहिला आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. तीन हंगाम पुरे होईपर्यंत नव्याने बोलणीही करता येत नाहीत. २०२२ च्या ड्राफ्टमधील सर्वांत शेवटची, २६२ वी निवड असलेला ब्रॉक पर्डी याने २०२३ च्या हंगामात सॅन फ्रान्सिस्कोला अंतिम सामन्यापर्यंत नेले तेव्हा त्याचे मूळ वेतन ८ लाख ७० हजार डॉलर होते. मे २०२५ मध्ये त्याचा करार झाला तो २६ कोटी ५० लाखांचा.

या सर्वांत एकतर्फीपणाचा कळस वाटावा अशी तरतूद म्हणजे फ्रँचाइझ टॅग. करार संपलेला खेळाडू मुक्त व्हावयाच्या आत संघ त्याच्या नावापुढे ही खूण करतो, आणि तेवढ्यानेच त्याची मुक्तता वर्षभर लांबते. उच्चारताच घडून येणाऱ्या कृतीचे याहून शुद्ध उदाहरण मिळणे कठीण. संमतीची अपेक्षा नाही. पण याच तरतुदीचा एका खेळाडूने असा उपयोग केला की, तो तिच्या कर्त्यांच्या मनातही नसावा. वॉशिंग्टनने कर्क कझिन्स याला २०१६ मध्ये १ कोटी ९९ लाख ५३ हजार डॉलरवर टॅग लावला. टॅगची रक्कम खेळाडूने स्वाक्षरी करताच पूर्ण हमीची होते. दुसऱ्यांदा लावल्यास नियमाप्रमाणे १२० टक्के. म्हणून २०१७ मध्ये २ कोटी ३९ लाख ४३ हजार. तिसऱ्यांदा १४४ टक्के, म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी, आणि तेथे संघ थांबला. मार्च २०१८ मध्ये मुक्त झालेल्या कझिन्सने मिनेसोटाशी तीन वर्षांचा ८ कोटी ४० लाखांचा करार केला, आणि त्यातील प्रत्येक डॉलरला पूर्ण हमी होती. त्या करारात अर्थवाद नव्हता, सगळा विधीच.

तो करार अपवाद राहणार की नियम होणार, हा पुढील काही वर्षांचा प्रश्न होता. मार्च २०२२ मध्ये क्लीव्हलँडने डेशॉन वॉटसनला पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर संपूर्ण हमीने दिले, तेव्हा नियम होणार असे अनेकांस वाटले. वॉटसनवर त्या वेळी अनेक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावलेले होते. अशा खेळाडूस आजवरची सर्वांत मोठी हमी मिळाली तर निष्कलंक खेळाडूने त्याहून कमी का घ्यावे, असा साधा तर्क होता. २०२३ मध्ये बाल्टिमोरच्या लमार जॅक्सनवर हा तर्क तपासला गेला. त्याने दलाल नेमला नव्हता. आपली बोलणी तो स्वतः करीत असे. संघाने त्याला ज्या प्रकारचा टॅग लावला त्यात अन्य संघांस त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवण्याची मुभा होती. २०१९ चा सर्वोत्तम खेळाडू, वय २६, आणि एकाही संघाने प्रस्ताव पुढे केला नाही. अखेर एप्रिलमध्ये त्याने बाल्टिमोरशीच पाच वर्षांचा २६ कोटींचा करार केला. हमी १८ कोटी ५० लाखांची; सर्व रकमेची नव्हे.

या शांततेचा अर्थ काय लावावयाचा? संघांची बाजू अशी की, पुढील वर्षांच्या हमीची रक्कम लीगच्या नियमानुसार आधीच अनामत ठेवावी लागते, आणि पाच वर्षांची जोखीम कोण घेईल? खेळाडूंच्या संघटनेची बाजू अशी की, हे मौन ठरवून पाळले गेले. ऑक्टोबर २०२२ मध्येच तिने लवादाकडे तक्रार केली होती, आणि तीत जॅक्सनबरोबर विल्सन व कायलर मरी यांची नावे होती. जानेवारी २०२५ मध्ये दिलेला व त्याच वर्षी जूनमध्ये बाहेर आलेला लवादाचा निवाडा असा होता की, हमी कमी कराव्यात असे प्रोत्साहन लीगच्या कार्यालयाने संघांस दिले होते. परंतु संघांनी आपापसांत तसा करार केला हे सिद्ध झालेले नाही. बत्तीस जणांना एकच गोष्ट सुचविली गेली, त्यानंतर कोणी काही बोलले नाही, आणि न बोलणे म्हणजे संमती देणे असे त्या पुराव्यावरून म्हणता आले नाही.